सगळे निर्दोष

पूर्वीच्या वस्तूंचं एक बरं होतं. त्या बिघडल्या की अख्ख्या बिघडत. रेडिओ बंद पडला म्हणजे रेडिओ बंद पडला. त्याच्या पोटातला अमुक कंडेन्सर आणि तमुक व्हॉल्व्ह यांच्यापैकी दोषी कोण, ही चौकशी घरच्या माणसाने करायची पद्धत नव्हती. घरच्या माणसाने फक्त रेडिओच्या डोक्यावर एक चापट मारायची. तेवढ्यावर भागलं तर बातम्या ऐकायच्या, नाही तर रेडिओ टॉवेलात गुंडाळून दुकानात न्यायचा आणि "बुधवारी या" हे ऐकून परत यायचं. बुधवार कोणता, हे दुकानदार सांगत नसे आणि आपणही विचारत नसू. पण त्या रेडिओला पुन्हा कंठ फोडणं ही एका माणसाची जबाबदारी आहे, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नसे.

हल्ली वस्तू सुट्या झाल्या आहेत. आमच्या कन्येने दोन महिन्यांपूर्वी घेतलेला लॅपटॉप तर सुटेपणाचा कळसच. तिच्या मावसभावाने तो परदेशाहून येताना आणला. एरवीच्या लॅपटॉपचं पोट उघडलं की कंपनीला राग येतो. याच्या खोक्यात कंपनीनेच स्क्रू-ड्रायव्हर घालून दिलेला! बॅटरी काढा, कीबोर्ड काढा, पडदा बदला, चार वर्षांनी नुसता मेंदू नवा आणून बसवा. वायर खुपसायची भोकंसुद्धा सुटी. बर्फीच्या वडीएवढे चौकोनी तुकडे, हव्या त्या खणात सरकवायचे.

"हा मला दहा वर्षं पुरणार," कन्या म्हणाली.

"आधी सुरू तर होऊ दे," ही म्हणाली.

कारण तो चार्ज होत नव्हता.

मग सुरू झाली चौकशी. भिंतीतला प्लग तपासला. त्यावर मिक्सर फिरला, प्लग निर्दोष. चार्जरला माझा मोबाईल लावला. तो तासाभरात टम्म भरला. चार्जर निर्दोष आणि वायरही निर्दोष. लॅपटॉप उलटा घालून कन्येने स्क्रू सैल केले, बॅटरीची जोडणी काढून पुन्हा बसवली. बॅटरीही सज्जन निघाली. एवढ्या सज्जनांनी मिळून एक दिवा पेटवू नये, याचं मला नवल वाटलं. अर्थात सार्वजनिक मंडळांच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला ते वाटायला नको होतं.

या नव्या 'सी' पिनेचा कारभार कन्येने मला समजावून सांगितला. तिच्यात एकूण २४ संपर्क असतात. जुन्या पिनेसारखं 'खुपसली की वीज आली' असं इथे नाही. आधी चार्जर आणि यंत्र यांची बैठक होते. समोर कुणी आहे याची खात्री पटेपर्यंत चार्जर काहीच सोडत नाही. मग ५ व्होल्टचा चहापोहे. त्यानंतर देण्याघेण्याच्या गोष्टी: तुम्ही किती देणार, आम्हाला किती झेपणार. याद्या झाल्या की मग २० व्होल्ट. ही सगळी बोलणी एका बारीक तारेवरून चालतात. ती तार जरा कुठे टेकली नाही की वधूपक्ष आणि वरपक्ष आपापल्या दारात ताटकळत उभे. दोघेही सुस्थळ, पण लग्न नाही.

कंपनीला पत्र गेलं. उत्तर अतिशय सभ्य आलं. प्रत्येक भाग वेगवेगळा तपासून कळवा. कळवलं. पुन्हा उत्तर आलं, की आपण पाठवलेल्या माहितीवरून सर्व भाग उत्तम स्थितीत आहेत. म्हणजे लॅपटॉप सोडून सगळं ठीक होतं.

इथे मला राजा मिलिंद आठवला. हा ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन नावाचे भिक्षू त्याला विचारतात, महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ कोणता? चाक म्हणजे रथ का? आस? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? सगळे भाग योग्य रीतीने जुळले की त्याला व्यवहारात आपण रथ म्हणतो, इतकंच. आमचे नैयायिक हे मानायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, अवयवांहून वेगळा असा एक 'अवयवी' असतोच. हा वाद पुढे कित्येक शतकं चालला. त्यातल्या एकाही पंडिताला तो रथ दुरुस्त करायचा नव्हता, म्हणूनच चालला असणार. दुरुस्त करायची वेळ आली की प्रश्न बदलतो. रथ कुठे आहे, याऐवजी बिघाड कुठे आहे, असं विचारावं लागतं. आणि तो कधी कधी कुठल्याच भागात नसतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको. आपल्याकडे किरणोत्सव असतो. जानेवारीअखेरीला आणि नोव्हेंबरात, परंपरेने तीन-तीन दिवस, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी अंबाबाईचे चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. काही वर्षी किरणं कमरेपर्यंत येतात आणि परत फिरतात. सूर्य निर्दोष असतो, देवी जागेवर असते. वाटेत कुठे इमारतीचा कोपरा, कुठे ढग, कुठे हवेतली धूळ. यातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल, की मी अडवलाय तो बोटभर उजेड. आणि ते खरंही असतं.

शेवटी कन्या भिंग मागायला उद्यमनगरात ओळखीच्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेली. भिंग राहिलं बाजूला. त्यांनी ती सुटी वडी अंगठ्याने जराशी हलवली, वायरीखाली खिशातली आगपेटी सरकवली, आणि दिवा लागला! मग त्यांनी वडी काढून दुसऱ्या खणात घालायला लावली. आगपेटीशिवाय दिवा लागला. दुसरी वडी पहिल्या खणात घातली, तरीही लागला. फक्त ती वडी आणि तो खण यांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

"ताई, आमच्यात हे रोजचंच हाय," मिस्त्री म्हणाले. "बोअरचं माप घेतलं, पास. शाफ्टचं घेतलं, पास. पर बोअर मोठ्या अंगाला पास झालेलं असतंय आणि शाफ्ट बारक्या अंगाला. दोघंबी खरं बोलत्यात. बसवलं की मातूर खडखड."

"मग चूक कुणाची, मामा?"

"ड्रॉइंग काढणाऱ्याची. बोअरवाल्यानं शाफ्ट कवा बघितलाय? आणि शाफ्टवाल्यानं बोअर? दोन्ही बघितलंय ते त्यानंच."

मी हे ऐकलं आणि नागसेनांना मनोमन उद्यमनगरला बोलावून घेतलं. बिघाड सांध्यात असतो, आणि सांध्याचा धनी म्हणजे ज्याने दोन तुकडे एकत्र आणायचे ठरवले तो. तुकडेवाल्यांना फासावर चढवण्यात अर्थ नसतो, पण तुकडेवाले निर्दोष म्हणून कुणीच जबाबदार नाही, असंही नसतं. आपल्या गल्लीत पाणीवाले खणतात, मग डांबरवाले बुजवतात, मग वायरवाले पुन्हा खणतात. प्रत्येकाचं काम कागदावर पास. खड्ड्यात पाय मुरगळलेल्या आजीबाईंनी मात्र विचारायचं कुणाला? आपण खड्ड्याभोवती उभं राहून डांबराला शिव्या देतो. ड्रॉइंग कुणी काढलं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

बाबूराव पेंटरांना हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली त्यांनी याच गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. तो कॅमेरा अडला असता तर ते कुणाला पत्र लिहिणार? ड्रॉइंगवाले तेच, लेथवाले तेच आणि गिऱ्हाईकही तेच. आपल्याला ते जमणार नाही. २४ संपर्कांची पिन कुणी शिवाजी पेठेत बसून घडवू शकत नाही. म्हणून आपण तुकड्यांवर विसंबतो आणि सोबत दुरुस्तीचा हक्क मागतो. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडलं. ते चांगलंच झालं. माझी वस्तू मला उघडता आली पाहिजे. माझी भीती एवढीच, की स्क्रू-ड्रायव्हर गिऱ्हाइकाच्या हाती दिला म्हणजे जबाबदारीही त्याच्याच हाती दिली, असं कुणी समजू नये. उघडायचा हक्क आपला. जुळेल अशी हमी मात्र त्यांची.

कन्येने कंपनीला पुन्हा लिहिलं. ही वडी त्या खणात चालते, ती वडी या खणात चालते, हे दोघं एकत्र चालत नाहीत. उत्तर आलं, दोन्ही भाग ठरलेल्या मर्यादेत आहेत.

तिने एकाच ओळीचं पत्र धाडलं: "मर्यादा कोणी ठरवली?"

आठ दिवस शांतता. मग नवी वडी आली, फुकट. सोबत एक चिठ्ठी, की आम्ही ड्रॉइंग पुन्हा तपासत आहोत. ही चिठ्ठी कन्येने मिस्त्रींना नेऊन दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "मानूस भला दिसतोय. आमच्या गल्लीचं ड्रॉइंग त्याला दाखवता येतंय का बघा."