पत्रिकेतले नाव

पावसाळा सरला की पैनगंगेचे पाणी निवळू लागते. आमच्या किनवटच्या काठावरचे दगड उघडे पडतात आणि त्यांच्या ओल्या अंगाला लहान लहान गोगलगायी चिकटून बसलेल्या दिसतात. लहानपणी आत्या धुणे धूत असे आणि मी त्या गोळा करून सदऱ्याच्या खिशात भरीत असे. “गोगलगाय नि पोटात पाय! सोड तिला पाण्यात,” असे ती दटावी. वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसाला आपण ही म्हण लावतो. पुढे मला कळले, की शास्त्रज्ञांनीही या प्राण्यांच्या वर्गाला ‘उदरपाद’ असेच नाव दिले आहे. धुणे धुणाऱ्या बायकांना जे ठाऊक होते, तेच त्यांनी ग्रंथात लिहिले.

पण गोगलगायीच्या पोटात पायांखेरीज आणखीही काही असते, हे मला या उन्हाळ्याच्या सुटीत समजले. माझा एक जुना विद्यार्थी नांदेडला प्राणिशास्त्र शिकतो. तो एक काचपट्टी घेऊन आला आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून म्हणाला, “गुरुजी, बघा.” माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा त्याने जे सांगितले, ते माझ्याच भाषेत सांगतो. विषय जन्माचा आहे, म्हणून सणाच्या अंकात तो वर्ज्य मानू नये. ज्या घरी पाळणा हलतो, त्याच घरी दिवाळी खरी.

आपल्या नद्या-तळ्यांत लिम्निया नावाची निमुळत्या शंखाची गोगलगाय असते, आणि चकतीसारखे वेटोळे असलेली दुसरीही एक असते. या दोन्ही उभयलिंगी. शंखाच्या अगदी आतल्या वेटोळ्यात, यकृताला बिलगून, एकच ग्रंथी असते. तिच्यातच अंडी तयार होतात आणि तिच्यातच शुक्राणू. शुक्राणू प्रथम साधी वाटोळी पेशी असतो. त्याला सुतासारखा लांब, सडपातळ व्हायचे असते. प्रवासाला निघायचे म्हणून तो अंगावरचे बहुतेक सामान टाकून देतो. या घडणीच्या काळात त्याचे डोके एका मोठ्या पेशीच्या कुशीत खुपसलेले असते. एकेका पेशीला असे पुष्कळ शुक्राणू बिलगलेले असतात; जणू एका पदराखाली सारी भावंडे. ती पेशी त्यांना अन्न पुरवते, शेजारच्या आपल्यासारख्या पेशींना घट्ट धरून त्यांच्याभोवती आडोसा करते, आणि त्यांनी टाकलेला पसारा स्वतः गिळून साफ करते. घडण पुरी झाली, की शुक्राणू सुटतात आणि निघून जातात. ती मागेच राहते. पुढच्या पिढीत शुक्राणूतले बीज जाते. या पेशीचे बीज जात नाही.

एन्रिको सर्टोली या इटालियन तरुणाने १८६५ साली अशा पेशी प्रथम मनुष्याच्या शरीरात पाहून त्यांचे वर्णन केले. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. पुढे इतर प्राण्यांत, गोगलगायीतही, तसेच काम करणाऱ्या पेशी सापडल्या. त्यांना आज सर्टोली पेशी म्हणतात. यात सर्टोलीचा दोष नाही. पण गंमत पाहा, नाव मिळाले ते पाहणाऱ्याचे. पोसणारी पुन्हा बिननावाचीच राहिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. मला वाढविले ते विधवा आत्याने. माझ्या लग्नाची पत्रिका छापायची ठरली, तेव्हा तिचा कच्चा छाप मीच तपासला होता. काना-मात्रा, वेलांट्या सगळे नीट पाहिले. निमंत्रकांत दूरच्या चुलत्यांची नावे होती. आत्याचे नव्हते. ‘मंगलकार्यात विधवेचे नाव नको,’ असे घरातले कोणी वडीलधारे म्हणाले, आणि मी मान हलविली. आत्याला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “नाव कायला पाहिजे रे लेकरा? पोरगं माझंच हाय की.” तिचा तो मोठेपणा मी परवानगी म्हणून खिशात घातला.

वाचकहो, अशा ठिकाणी आपल्याकडे एक ठरलेला उपदेश असतो. पाहा ती पेशी, काही न मागता कशी झिजते; माणसानेही तसेच निरपेक्ष असावे. शाळेत मीही तो अनेकदा केला आहे. आज मला तो खोटा वाटतो. पेशी मागत नाही, कारण तिला मागता येत नाही. शुक्राणू आभार मानीत नाही, कारण कोणी पोसले हे त्याला कळत नाही. तिथे ना त्याग आहे, ना कृतघ्नपणा. माणसाला मात्र कळते. निरपेक्षतेचा उपदेश बहुधा पोसलेलेच करतात, आणि तो पोसणारीने ऐकायचा असतो. हा हिशेब त्यांच्या फार सोयीचा आहे. न मागणे हा तिचा मोठेपणा असेल. पण त्यामुळे आमचे देणे फिटत नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे माझ्याहून बरे समजले होते. कृष्णाला देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढविले. लोकांनी त्याला देवकीनंदन म्हटले आणि यशोदानंदनही म्हटले. आमच्या शेजारच्या माहूरच्या डोंगरावर, तिन्ही देवांना बाळे करून पोसणाऱ्या अनसूयेचे स्वतंत्र देऊळ आहे. पोसणारीचे नाव गाळायचे नाही, इतके भान त्यांना होते.

आत्या आता थकली आहे; तिला कमी ऐकू येते. माझी नवी कादंबरी लिहून झाली आहे. परवा पहिल्या पानावर अर्पणपत्रिका लिहिली आणि तिच्या कानाशी जाऊन तिचे नाव मोठ्याने वाचून दाखविले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “पुन्हा वाच.” मी वाचले. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावले.

हा लेख लिहीत असताना मी विचारले, “मासिकातही घालू का तुझे नाव?”

“नको,” ती म्हणाली, “मासिक रद्दीत जातंय. पुस्तकातच ऱ्हाऊ दे.”

म्हणून ते इथे लिहिलेले नाही.