अनुताप आणि पीडिताचे स्थान

अपराध घडला म्हणजे अपराधी कोणाचा ऋणी होतो? राज्याचा, की ज्यास दुःख झाले त्याचा? फौजदारी न्यायात फिर्यादी पक्ष सरकारचा असतो. पीडित हा बहुधा केवळ साक्षीदार ठरतो. अपराध्यास शिक्षा होते, परंतु ज्याचे घर फुटले तो पुष्कळदा रित्या हातानेच परततो.

१९७४ साली कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी मद्याच्या धुंदीत २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यान्ट्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांस पीडितांच्या दारी पाठविले. त्यांनी नुकसान ऐकून घेतले आणि काही महिन्यांत भरपाईही केली. पुनःस्थापक न्यायाचा आधुनिक विचार येथून पुढे आला, असे मानतात.

आपल्या पंथीयांस यात नवल वाटू नये. पारध्यांपासून पळालेला ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली दडला, ती लीळा सर्वश्रुत आहे. स्वामींनी शरणागतास दिले नाही, आणि पारध्यांस दंडही केला नाही; त्यांस जीवाचे भय दाखवून दिले. त्यांनी शिकार सोडली. ज्यास आपण पीडा देतो तो आपणासारखाच जीव आहे, हे कळणे हाच अनुतापाचा आरंभ होय. बंदिशाळेच्या भिंतीआड हे कळेलच असे नाही.

येथे एक शंका उद्भवते. मग पीडिताने क्षमा केलीच पाहिजे काय? नाही. अनुताप हे अपराध्याचे कर्तव्य आहे. क्षमा हे पीडितावरील कर्ज नव्हे. त्यास समोरासमोर बसविण्याची बळजोरी केली, तर ती दुसरी पीडाच ठरेल. तसेच शिक्षा टाळण्यासाठी ओठांवर आणलेला पश्चात्ताप हा अनुताप नव्हे. दुर्बळ पीडितावर गावाचा वा नात्यागोत्याचा दाब येतो, तेथे तर न्यायालयाचे संरक्षण आधी हवे.

भारतात ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पीडितास भरपाईची योजना आणि अपिलाचा अधिकार दिला. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही ते कायम आहेत. हे योग्यच झाले. परंतु द्रव्याने वस्तू भरून निघते, मन नव्हे. त्यासाठी अपराध्याने आपल्या कर्माकडे पाहावे लागते.

साधकानेही हेच स्वतःस विचारावे: ज्यास आपण दुखविले, त्याच्याकडे न जाता केवळ परमेश्वरापुढे केलेला अनुताप पुरा होतो काय?

दंडवत प्रणाम.