वर्गणी मागायला जाण्याआधी

देवगाव फाटा,
ता. सेलू, जि. परभणी

चि. बाळास,

हरिनाम सप्ताहाच्या कमिटीत तुला घेतलं हे कळलं. दलित वस्तीवरची माणसं सप्ताहाला येत का नाहीत असं तू बैठकीत विचारलंस, आणि "आपण कुठं नाही म्हणतो, येऊ द्या की" असं उत्तर मिळालं. ते तुला पटलं नाही, याचा मला फार आनंद आहे. "येऊ द्या" म्हणणारा दार आपल्याच मालकीचं धरून बोलतो. खरी अडचण तिथंच आहे.

चोखोबांचे अभंग आपण कीर्तनात आळवतो, श्रोते डोळे पुसतात. पण चोखोबा हयातभर महाद्वाराबाहेरच राहिले. मंगळवेढ्याला वेठीच्या कामात भिंत अंगावर कोसळून ते गेले. नामदेवरायांनी अस्थी पंढरपूरला आणल्याचं परंपरा सांगते. समाधी झाली तीही देवळाबाहेर. त्यांचा मुलगा कर्ममेळा बापाइतका सोसणारा नव्हता. असा हीन जन्म आम्हाला का दिलास, असा जाब तो देवालाच विचारतो. सात दिवसांत एक तरी कीर्तन कर्ममेळ्याच्या अभंगावर ठेवा, असं कमिटीत सांगून बघ. नामदेव आपल्या नर्सीचे, १९९९ साली हिंगोली वेगळी होईपर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. जनाबाई तर गंगाखेडच्या. समतेचा हा वारसा आपल्या अंगणातला आहे, म्हणून त्यात जे अपुरं राहिलं त्याची जबाबदारीही आपल्यावर जास्त येते.

डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट लिहिलं, की संतांनी देवापुढची समता सांगितली, समाजातल्या जातिभेदावर घाव घातला नाही. वारकऱ्याला हे लागतं. लागू दे. त्याच बाबासाहेबांनी १९४८ सालचा अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. बाबासाहेबांच्या त्या टीकेत तथ्य किती, हे तुमच्या पंगतीकडे पाहून कळेल. इरावतीबाई कर्वे वारीला गेल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांचं आणि मराठ्यांचं जेवण वेगळं होत असलेलं त्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र निराळी बसत होती.

साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि १० मे रोजी त्यांनी ते सोडलं. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं झालं. त्यांना बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. गुरुजींसारखा प्राण पणाला लावणं सगळ्यांना जमणार नाही, पण ज्याच्या हाती मठ आहे त्याला मठ उघडा करता येतो. स्वतःच्या सांप्रदायिक मंडळींचा रोष पत्करून ती जागा देणं हे काही लहान काम नव्हे. मात्र हेही विसरू नकोस, की त्याआधी १९३० पासून पाच वर्षं नाशिकला काळारामाच्या दारी दलितांनी सत्याग्रह केला, मार खाल्ला, आणि दार काही उघडलं नाही. मंदिरप्रवेश म्हटलं की आपल्या लोकांना आधी गुरुजी आठवतात. तू बोलशील तेव्हा क्रम उलटा ठेव.

मठ उघडणारे होते, तसे घर कामाला लावणारेही होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक होते, ऑक्सफर्डला जाऊन धर्माचा उदार अभ्यास करून आलेले. त्यांनी १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. ते नुसतं व्याख्यान देत फिरले नाहीत. बहीण जनाक्कांसह सारं घर त्यांनी या कामाला लावलं. प्रार्थना समाजातल्या सुधारक मंडळींनाही एवढं झेपत नव्हतं.

आता तुझ्या गावाचं. बौद्धवाड्यातली माणसं सप्ताहाला आली नाहीत तर राग धरू नकोस. त्यांनी १९५६ नंतर आपला धम्म निवडला आहे. आपल्या कीर्तनाला येऊन त्यांनी आपल्या मोठेपणाला दाद द्यावी, ही अपेक्षाच चूक आहे. तूच १४ एप्रिलला त्यांच्याकडे आंबेडकर जयंतीला जा, पुढच्या खुर्चीत न बसता जा. मातंग वस्तीतले काही जण माळकरी आहेत; त्यांना महाप्रसादाला बोलावून भागणार नाही. वीणेचा पहारा त्यांच्याकडे येतो का? आचाऱ्याजवळ भाजी चिरायला, पंगतीत वाढायला त्यांच्या बायका असतात का, की पत्रावळी उचलायलाच? वर्गणीची वही त्यांच्यातल्या कुणाच्या हाती कधी गेली का? हे आधी बघ, मग पावतीपुस्तक घेऊन वस्तीवर जा.

आणि सगळ्यात अवघड प्रसंग सप्ताहाबाहेर येतो. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. ज्या गावांत हे झालं तिथंही सकाळी काकडा होत असे. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, पुढं अटकेतल्या सोमनाथ सूर्यवंशीचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. कायदा शिकणारा पोरगा. अशा वेळी गळ्यातल्या माळेसकट वस्तीवर जाऊन बसायचं असतं. काय बोलावं सुचत नसेल तर बोलू नये. पोलीस ठाण्यात सोबत हवी असेल तर जावं, आणि आपले सोयरे पारावर काहीबाही बोलायला लागले की त्यांना तिथल्या तिथं थांबवावं. वस्तीतल्या माणसाला ते थांबवणं महागात पडतं, तुला तेवढं पडणार नाही. सोयरे चार दिवस अबोला धरतील. धरू देत.

वस्तीच्या स्मशानभूमीच्या रस्त्याबद्दल तू लिहिलंस. ग्रामसभेत त्याचा ठराव तुझ्या नावानं मांडू नकोस. आधी त्यांना विचार की त्यांना काय हवं आहे. मांडतील ते, तू हात वर कर, आणि आपल्या भावकीतले दहा हात आधीच बोलून तयार ठेव. ग्रामसभेची तारीख कळव, मी येतो.

तुझा,
काका