नावाचे ऋण

अमेरिकेतील डॉज कंपनीने 'चार्जर' ही दोन दारांची मोटार १९६६ साली बाजारात आणली. शर्यतीसाठी घडविलेल्या तिच्या 'डेटोना' आवृत्तीने १९७० मध्ये टॅलाडेगाच्या धावपट्टीवर ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला, आणि ते नाव दंतकथा झाले. २००५ साली कंपनीने तेच नाव चार दारांच्या कौटुंबिक सेडानला दिले. जुन्या चाहत्यांना ते पाखंडच वाटले! (ऐंशीच्या दशकात हेच नाव एका लहानशा गाडीला लावले होते, त्याचा बहुधा विसर पडला असावा.)

ही फसवणूक होती काय? चार दारे तर सर्वांना दिसत होती. परंतु मुलांना शाळेत सोडणाऱ्या पित्याला त्या नावामुळे आपले तारुण्य परत मिळाल्याचा भास होत असेल, तर विक्रेत्याने मोटारीबरोबर आणखीही काही विकले आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी आपणही आजोबांचे नाव नातवाला देतो. पण ते भांडवल म्हणून नव्हे, ऋण म्हणून. प्रभूने शिमोनाला पेत्र म्हटले तेव्हा तो खडक झालेला नव्हता. कोंबडा आरवण्याची रात्र अजून पुढेच होती. २०२५ मध्ये परमगुरू चौदावे लिओ यांनी नाव निवडताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या श्रमिकविषयक परिपत्रकाचे स्मरण केले, म्हणजे ते ओझे स्वतःहून खांद्यावर घेतले.

डॉजने ऋण फेडले काय? मूळ चार्जरचे प्रसिद्ध 'हेमी' इंजिन ४२५ अश्वशक्तीचे सांगितले जाई; २०१५ च्या सेडानची एक आवृत्ती ७०७ पर्यंत गेली. फेडले म्हणावे. मुले घेऊन निघालेल्या पित्याच्या गाडीत मात्र बहुधा सहा सिलिंडरांचे साधेच इंजिन असे, आणि त्याला त्यात काही उणे वाटत असेल असे मला वाटत नाही.