हळदीचा डोळा आणि परिभाषेचे ऋण

शास्त्रीय परिभाषा तटस्थ असते, असे आपण गृहीत धरतो. हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीपुढे हे गृहीतक तपासून पाहता येते. २०२४ साली या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले. स्थळाचा हक्क मान्य झाला. तिथल्या शब्दांचे काय?

वनस्पतिशास्त्र हळदीच्या जमिनीतील भागास ‘मूलक्षोड’ म्हणते. क्षोड म्हणजे खोड. तो भाग मुळासारखा दिसला तरी खोडच आहे, कारण त्यावर पेरे, खवल्यांसारखी पाने आणि कळ्या असतात. ही संज्ञा दृष्टिभ्रम दूर करते, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. शेतकरी मात्र त्याच भागात जेठा गड्डा, बगल गड्डा आणि हळकुंड असा भेद करतो. कोणते बेणे निवडावे, याचा विवेक या भेदात सामावलेला आहे. कळीला तो ‘डोळा’ म्हणतो. डोळा पाहूनच बेणे ठेवतो. म्हणजे शास्त्र जो पुरावा देते, तो बोलीत आधीच नोंदलेला आहे.

अर्थात बोलीचे गौरवीकरण हे उत्तर नव्हे. ‘जेठा’ या शब्दातही कुटुंबातील ज्येष्ठतेची उतरंड कंदावर लादलेली आहेच. दोन्ही भाषा दाखवितात, तशा झाकतातही. म्हणूनच प्रश्न केवळ अचूकतेचा नाही, ऋणाचा आहे. परिभाषाकाराने ‘डोळ्या’ची साक्ष वगळली, तर शेतकऱ्याची मुलगी घरी जाणलेलेच वर्गात परके ज्ञान म्हणून शिकते आणि घरच्या जाणत्यांना अडाणी समजू लागते. तटस्थ संज्ञेने घडविलेला हा अन्याय भाषेच्या अभ्यासकाने तरी नजरेआड करू नये.