शंकासमाधान : स्वर्गातला बापही दमून येतो का?

शंका : मी चाकणच्या कंपनीत कामाला आहे. तिसरी पाळी करून सकाळी काळेवाडीला पोचतो. दिवसा झोप लागत नाही आणि पोरांच्या आवाजाने डोकं फिरतं. परवा मोठ्याला मारलं. तो आठ वर्षांचा आहे. रात्री प्रभूची प्रार्थना झाल्यावर त्याने आईला विचारलं, “स्वर्गातला बाप पण दमून येतो का?” माझ्यामुळे पोराच्या मनात देव वाईट ठरेल का?

समाधान : परिणाम होतो, हे आधी मान्य करू. आठ वर्षांच्या मुलाला त्रैक्याचा सिद्धांत कळत नाही. बाप म्हणजे काय ते मात्र पक्कं कळतं, कारण तो त्याच्याच घरात झोपतो, जेवतो, ओरडतो. तरी त्याने हा प्रश्न विचारला याचा आनंद माना. ज्या घरात भीती पुरती मुरलेली असते, तिथली मुलं विचारत नाहीत.

पाळी तुमच्या हातात नाही. पण दमलेल्या बापाचा राग एकवेळ मुलाला कळतो. खरा घोटाळा होतो तो आपण त्या रागावर देवाची सही घेतो तेव्हा. “देव बघतोय, तुला शिक्षा करील,” असं आपल्या कितीतरी घरांत सर्रास म्हटलं जातं. झोप आपली मोडलेली असते आणि नाव देवाचं लागतं. हे आजपासून बंद करा. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञा पाळायला सांगितलं आहे, आणि लगेच बापांनाही बजावलं आहे की मुलांना चिडीस आणू नका. आपल्याकडे पहिला भाग तोंडपाठ असतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप पुन्हा वाचा. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येताना दिसला तेव्हा तो म्हातारा धावला. त्या काळी प्रतिष्ठित घरधनी चारचौघांत धावत नसे. मुलाने वाटेत घोकून ठेवलेलं क्षमेचं भाषणही त्याने पुरं होऊ दिलं नाही. पण आईबापांनी मला वाटतं थोरल्या मुलापाशी जास्त थांबावं. तो कधी घर सोडून गेला नाही, रोज हजेरी लावणाऱ्या कामगारासारखा राबला, आणि तरी बापाला ओळखत नव्हता. भिऊन शहाणी झालेली मुलं अशीच मोठी होतात. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, त्याची समजूत घातली.

मग करायचं काय? मुलाजवळ बसून सांगा की मी मारलं ते चुकलं. पुष्कळ बाप इथे अडतात; त्याने धाक जाईल म्हणतात. जाऊ द्या थोडा. ‘बापाच्या वरही एक बाप आहे आणि पप्पाला त्याच्यापुढे उत्तर द्यावं लागतं,’ हे मुलाला त्या एका वाक्यातून जेवढं कळेल, तेवढं संडे स्कूलच्या वर्षभरात कळणार नाही. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तरही द्या : नाही रे, तो दमत नाही; मी दमतो.

शंका : माझे वडील दारू पिऊन आईला मारत. प्रार्थनेत देवाला ‘पिता’ म्हणताना माझा घसा आवळतो. हे पाप आहे का?

समाधान : नाही. नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. वडील वामनराव कडक आणि तापट. आई जानकीबाई मायाळू, पण ती टिळकांच्या लहानपणीच गेली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला आळवलं ते आई म्हणून, माउली म्हणून. वारकऱ्यांच्या मुलखात ते कुणाला परकंही वाटलं नाही. (टिळक स्वतः काही शांत गृहस्थ नव्हते. पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांचा संताप झाकलेला नाही.)

यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव स्वतःला तान्ह्या लेकराच्या आईशेजारी ठेवून बोलतो, आणि सत्ताविसाव्या स्तोत्राचा कर्ता तर आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर जवळ घेईल असं धरून चालतो. तेव्हा तुम्ही आईपासून सुरुवात करा. ‘पिता’ हा शब्द वर्षभराने जिभेवर आला तरी चालेल. वडिलांनी केलं ते वाईटच होतं. प्रार्थनेसाठी त्यावर पांघरूण घालायची गरज नाही.

शंका : माझे वडील ख्रिस्ती नव्हते. तरी देवाचं प्रेम मला आधी त्यांच्याकडूनच कळलं. मंडळीत अशी साक्ष देणं बरोबर होईल का?

समाधान : जरूर द्या. पंडिता रमाबाईंनी दिली आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे निष्ठावंत वैष्णव. लोकांचा विरोध सोसून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि तिने पहाटे लेकीला कुशीत घेऊन, लाडाने जागं करून धडे दिले. दोघंही 1874 च्या दुष्काळात गेली. मरणाआधी बापाने लेकीला देवाच्या हाती सोपवलं, आयुष्यभर त्याचीच सेवा कर म्हणून सांगितलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर नऊ वर्षांनी, 1883 मध्ये, इंग्लंडात झाला. पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी बापाचे ते शेवटचे शब्द नोंदवले, आणि ते ख्रिस्ताच्या सेवेत खरे झाले असंच मानलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुलींना जवळ घेणाऱ्या बाईला माया आधी कुणी दाखवली होती, हे त्यांनी लपवलं नाही. मंडळीत कुणी भुवया उंचावल्या तर ती साक्ष त्यांना वाचायला द्या. फार मोठी नाही, एका बैठकीत होते.