वरचे पाणी, खालचे पाणी

मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राचा अंदाज वरून बांधतात. वारा कुठला, पाण्याला ओढ किती, रंग कसा, हे पाहून रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार, जाळे टाकायचे की नाही ते ठरवतात. या जाणतेपणावर पिढ्यानपिढ्या घरे चालली आहेत. पण मासा किनाऱ्याला लागेल की नाही, हे वरून न दिसणाऱ्या पाण्याच्याही हाती असते.

वरचे प्रवाह मुख्यतः वाऱ्याचे. वारा पाण्याला पुढे रेटतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ते पाणी उजवीकडे वळते. हा जोर शे-दोनशे मीटर खोलीपर्यंतच पोचतो. कोकणालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, गोव्याच्या दिशेने वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे निघतो. खरा विस्मय हिवाळ्यातला. तेव्हा किनाऱ्यावरचा वाराही उत्तरेकडूनच येत असतो, म्हणजे पाणी चक्क वाऱ्याच्या विरोधात चालते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली या हिवाळी प्रवाहाचे सविस्तर वर्णन केले. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी उठवलेले, डोळ्यांना न दिसणारे तरंग भारताच्या टोकाला वळसा घालून इथवर येतात आणि या प्रवाहाला बळ देतात, हे पुढच्या अभ्यासांतून उलगडले. मालवणच्या पाण्याला ढकलणारा वारा मालवणचाच असेल असे नाही.

खोल प्रवाह वाऱ्यापेक्षा पाण्याच्या वजनावर चालतात. थंड आणि खारट पाणी जड होऊन बुडते. अंटार्क्टिकाच्या कडेला समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो. त्यामुळे आसपासचे पाणी जड होऊन तळ गाठते आणि अतिशय संथपणे उत्तरेला सरकते. अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या पाण्याचे मूळ तिथे, दक्षिणेत आहे. जगभराचा असा एक फेरा पुरा व्हायला हजारेक वर्षे लागतात. मधल्या थरांत इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून आलेले, उन्हाने आटून खारट झालेले पाणी पसरते. अरबी समुद्राला उत्तरेकडे आशिया खंडाने कोंडले आहे, त्यामुळे सुमारे दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात ताजे पाणी फार सावकाश पोचते. वरून पडणारे सेंद्रिय द्रव्य तिथे कुजते आणि प्राणवायू जवळजवळ संपतो.

वरचे आणि खालचे पाणी आपल्या दारातच भेटते. पावसाळ्यात वारा आणि प्रवाह दक्षिणेकडे जात असताना वरचे पाणी उजवीकडे, म्हणजे किनारा सोडून भर समुद्रात सरकते. त्याची जागा भरायला खालचे थंड पाणी उथळ भागात चढते. नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचे पातळ झाकण त्यावर बसते, म्हणून वरून काही कळत नाही. खालून आलेल्या या पाण्यात पोषक क्षार भरपूर असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, आणि त्यांच्या जिवावर तारली-बांगडा पोसतो. पण त्याच पाण्यात प्राणवायू तुटपुंजा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तो फारच घटला, की तळाशी राहणाऱ्या जिवांना जागा सोडावी लागते. पश्चिम किनाऱ्यालगतची ही तूट तीव्र होत असल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतीलच एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडले. समृद्धी आणि गुदमर एकाच पाण्यातून वर येतात.

म्हणून मासळी घटली की नुसते वर पाहून निवाडा करता येत नाही. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांची तक्रार रास्त आहे. बेसुमार उपशाने समुद्र रिकामा होतो. पण त्या वर्षी खालचे पाणी किती वर आले, त्यात प्राणवायू किती होता, याची नोंद नसेल तर उपशाचा वाटा किती आणि पाण्याचा किती, हे सिद्ध करता येत नाही. मग संशयाचा फायदा बलदंडालाच मिळतो. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्राकडून मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती मिळते आणि ती उपयोगीही आहे. मात्र ती उपग्रहावर बेतलेली, आणि उपग्रहाला पृष्ठभागाचे तापमान, रंग असे वरवरचेच दिसते. दोन हजार मीटर खोल बुडी मारून पाणी मोजणारे आर्गो तरंगक आहेत, पण ते खोल समुद्रासाठी. किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा त्यांच्या वाट्याला येत नाही.

या पट्ट्यात मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या होड्या जातच असतात. त्यांच्यावर तापमान आणि प्राणवायू मोजणारी साधी उपकरणे बसवावीत, नोंदी मराठीत सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात आणि मासेमारीचे नियम ठरवताना त्या समोर ठेवाव्यात. समुद्रावर पोट असणाऱ्यांना त्याच्या तळाची खबर मिळणे हा त्यांचा हक्क आहे.